लहानूनं डोली फिरवली

महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, गावदेवीची पालखी सीमोल्लंघनासाठी जव्हारच्या बाजारातून निघायच्या ऐन वेळी, मोखाड्याकडच्या एका पाड्यावरच्या लहानू नावाच्या भोयाचा खांदा दांडीखालून काढण्यात आला. 'काढण्यात आला' हे भित्रं वाक्य झालं. नीट लिहितो. रानाचे मक्तेदार दादासाहेब यांनी तो काढायला लावला आणि बाजारातल्या पाचसहा प्रतिष्ठितांनी माना डोलावल्या.

पुढच्या दांडीची उजवी बाजू लहानूच्या घराण्याची. त्याच्या आज्यापासून चालत आलेला मान. दादासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अर्ध्या वाटेत डोली फिरवणाऱ्याचा खांदा देवीला चालायचा नाही." डोली का फिरवली, हे एकानंही विचारलं नाही. उलट तेव्हापासून या गावाला एक शिवी मिळाली. पोरानं गणित अर्धवट टाकलं, सुनेनं भाकऱ्या अर्ध्या थापून ठेवल्या, गडी नांगर सोडून बसला की जव्हारात म्हणतात, "लहानूनं डोली फिरवली!" शाळेत मास्तरांच्या तोंडून हे ऐकत मी मोठा झालो. तेच वाक्य आज मी मथळ्यावर घातलं आहे, ते ताठ मानेनं घातलं आहे.

लहानू दिसायला ताडासारखा होता. एवढ्या देहाला लहानू नाव कसं, असं विचारलं की म्हणे, "आईनं नाव ठेवलं तवा बाकीचा मी आलो नव्हतो." मिशांना खुरासणीचं तेल. कानात बाळी. आणि उजव्या खांद्यावर, जिथं दांडी बसते तिथं, वर्षानुवर्षांच्या भारानं उठलेला घट्ट्याचा उंचवटा. त्याचा त्याला कोण गर्व! पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी खांदा पुढं.

"हात लाव."

"असू दे, बाबा."

"लाव की! बेलफळ हाय. देवानं खांदा सपाट दिला होता, हा मी केलाय."

पाड्यावरच्या पोरांना त्या बेलफळाला हात लावायला सणासुदीलाच परवानगी असे.

मी त्याच्याकडे गेलो तो वेठबिगारीविरुद्धची पत्रकं घेऊन. पाड्यापाड्यांवरच्या माणसांच्या हकिगती गोळा करत होतो. त्यानं मला ओट्यावर बसवलं, नाचणीची भाकर दिली आणि म्हणाला, "वाच तुझं." मी माझं सर्वांत जळजळीत पत्रक वाचलं. पहिलं वाक्य संपायच्या आधी मला दोनदा श्वास घ्यावा लागला.

"दम नाय याच्यात," लहानू म्हणाला.

"दम नाही? अहो, यावर नाशकात सभा झाली!"

"झाली आसंल. एका दमात म्हणता येत नाय ते माणसाच्या आंगात जात नाय. डोलीची हाक बघ. एवढीशी. पण आखा डोंगर चढती."

तेव्हापासून मी वाक्यं तोडायला शिकलो. हकिगत द्यायला तो तयार होता, एकाच अटीवर. "मला 'बिचारा' लिहिशील तर टांग मोडीन."

लिहीत नाही.

डोली म्हणजे काय ते जव्हारकरांना सांगायला नको, पण हे पत्रक बाहेरही जाईल. जाड वेळूच्या दांडीला टांगलेलं आसन, पुढं दोन माणसं, मागं दोन. दुखणाईत, बाळंतीण, म्हातारी माणसं अशीच डोंगर चढतात आणि उतरतात. दांडीखालच्या माणसाला मान वळवता येत नाही. वळवली की तोल जातो. मग आत बसलेलं माणूस धड आहे की नाही, हे कळायचं कसं? म्हणून या पाड्यांवर हाक आहे. पुढचा उजवा गडी ठराविक वळणावर ओरडतो, "हाय का?" आतल्यानं उत्तर द्यायचं, "हाय." मोठा असो, छोटा असो, उत्तर द्यावंच लागतं. तीन हाकांना उत्तर आलं नाही तर चढ सोडायचा. डोली तिथल्या तिथं फिरवायची आणि आल्या वाटेनं खाली न्यायची. मग पुढं दवाखाना असो, नाही तर देऊळ असो.

"का?" मी विचारलं.

"दम मागं सांडला आसतो त्याचा. मागं जाऊन उचलाय नको?"

चढणीवर माणसाचा दम गळून पडतो आणि वाटेवर मागं राहतो, अशी यांची समजूत आहे. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. मी थांबतो.

झालं? आता दादासाहेबांच्या आईंविषयी. आम्ही सगळे त्यांना माई म्हणायचो. जिभेची तिखट बाई. जव्हारात कुठंही जायचं तर डोलीतून, आणि डोली लहानूचीच. दोघांचं भांडण ऐकायला माणसं दारात येत.

"हाय का?"

"हाय रे मेल्या! कितीदा विचारशील? मेले की सांगीन!"

"तसं सांगून गेलेलं कोण बघितलं नाय, माई."

"मी सांगीन. तुझ्या नावानं ओरडून सांगीन."

माईंनी केदारनाथाचा नवस केला होता. दादासाहेबांनी तो फेडायचा ठरवला. तिकडं डोंगरी डोलीवाले मिळतात, पण दादासाहेब म्हणाले, आमच्या घरची डोली आमच्याच माणसांच्या खांद्यावर देवाच्या दारात जाईल. त्या दसऱ्याआधीच्या उन्हाळ्यात लहानू आणि त्याच्या पाड्यावरचे तिघे जण आगगाडीनं हरिद्वारपर्यंत गेले. तिथून पायी.

पुढची गोष्ट तो जशी सांगायचा तशी लिहितो, कारण ती सांगताना तो स्वतःलाच सर्वांत जास्त हसायचा.

"आम्ही डोंगरातली माणसं," तो सुरुवात करी. "आमाला डोंगर कोण शिकवणार? आमचा नेम काय? घाट एका दमात. मधी बसला की पाय थंड पडतात. तसंच तिथं चढाय लागलो. वाटेत एक मिठाईवाला लाला, पोट हे एवढं. चार पावलं टाकी, दगडावर बसं, पेढा खाई. आमी हसलो त्याला. म्हटलं, लाला, पुढल्या वर्षी पोचशील."

डोंगर वाढत गेला. यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या झोपड्यांना तिकडं चट्टी म्हणतात. वरच्या एका चट्टीवर पोचेतो चौघांची डोकी फुटायला लागली. भूक गेली. लहानूनं दगडाला हात टेकून जे ओकायला सुरुवात केली ती थांबेना. निजावं तर छातीत कोणी मुसळानं कांडतंय. पाय होते तेच होते, खांदा होता तोच होता, पण दोन पावलं टाकली की वाटे, कोणी तोंडावर घोंगडी धरली आहे. यांना वाटलं दृष्ट लागली. मिरच्या ओवाळल्या.

"आन संध्याकाळच्या आत," लहानू मांडीवर थाप मारी, "लाला आला की! पेढा खात! आम्हाला बघून म्हणतो, 'क्यों पहलवान, अगले साल पहुँचोगे?'"

चट्टीवाल्यानं त्यांना वर सोडलं नाही. दादासाहेब चिडले, आदळआपट केली, पण भोई उभेच राहू शकत नव्हते. ते पडून राहिले. गरम पाणी प्यायले, सावकाश हिंडले, परत पडले. हळूहळू डोकं उतरलं. श्वास होता जलदच, पण त्याचं ओझं वाटेना. मग एका सकाळी लहानूला भूक लागली.

"भूक लागली तवा कळलं. आंग आलं."

"आलं म्हणजे?"

"आरं, पाय माणसाला वर नेतात. आंग मागून येतं. त्याला वाट बघाय लागते. आमी आंगाला खालीच सोडून पळालो होतो. आमचा डोंगर म्हणजे त्यांच्या ओसरीची पायरी हाय, पोरा!"

तिथली हवा विरळ का, याचंही त्याच्याकडे उत्तर होतं. तिथं देव फार. सगळ्यांना वाटून हवा पुरत नाही.

आता गंमत संपली.

माई डोलीत बसून आल्या होत्या. त्यांना चालावं लागलं नव्हतं, म्हणून त्यांना बरं आहे असं सगळ्यांनी धरलं. त्या खोकत होत्या, पण खोकला काय, थंडीचा असतो. दादासाहेबांचे मुक्काम लांबले होते, ते घाईला आले. शेवटचा चढ एकदम घ्यायचा ठरला. वाटेवर बर्फ होतं. लहानूनं हाक दिली, "हाय का?" माई म्हणाल्या, "हाय." शिवी दिली नाही. लहानू सांगायचा, "तिथंच मी पाऊल आवरलं. मेल्या म्हणाल्या नाय."

पुढच्या वळणावर हाक दिली. आतून उत्तर आलं, "दार लाव गं, वारा येतो."

पुढच्या वळणावर काही नाही. पुन्हा हाक. काही नाही. नुसती घरघर, हुक्क्यासारखी. तिसरी हाक लहानूनं सगळा दम लावून दिली. डोंगरानं ती परत दिली, माईंनी दिली नाही.

लहानू थांबला. "फिरवा," म्हणाला.

दादासाहेब मागून धावत आले. छत्री आडवी धरून वाटेत उभे राहिले. "कळस दिसतोय! डोळे फुटले का तुझे? समोर कळस आहे!"

"कळस ऱ्हाईल तिथंच. माई ऱ्हायच्या नाय."

"तिचा नवस आहे! देवाच्या दारातून माघारी नेतोस? भ्यायलास तू. बर्फ बघून भ्यायलास."

"भ्यायलो," लहानू म्हणाला. "सरका."

बाकीचे तिघे क्षणभर त्या छत्रीकडं बघत राहिले. या तिघांची घरं दादासाहेबांच्या रानातल्या लाकूडतोडीवर चालत होती. मग त्यांनी दांडी फिरवली. छत्री बाजूला झाली, कारण डोली थांबत नव्हती.

ते चट्टीवरही टेकले नाहीत. जिथं पुन्हा झाडं सुरू होतात तिथवर उतरले, हाका देत. ओठ निळे पडलेली ती म्हातारी देवदाराच्या रानात आल्यावर हलली. लहानूनं हाक दिली, "हाय का?"

आतून बारीक आवाज आला. "हाय." आणि थोड्या वेळानं, "झालं का दर्शन?"

डोली उतारालाच चालत राहिली. तेव्हा माईंना कळलं. त्यांनी तोंड फिरवलं. जव्हार येईपर्यंत आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्या लहानूशी एक शब्द बोलल्या नाहीत.

परत आल्यावर एक चमत्कार झाला. आषाढातली गोष्ट, पाड्यावरचे म्हातारे अजून सांगतात. लहानू भाताचं पोतं खांद्यावर घेऊन, तोंडानं गाणं म्हणत, सगळा घाट चढून आला. धाप नाही, घाम नाही. लोक म्हणाले, हिमालयात सिद्धी मिळाली. कोणी नारळ ठेवला, तो त्यानं खाल्ला. पण श्रावण सरेतो ते बळ ओसरलं आणि घाटात तो पुन्हा सगळ्यांसारखा धापू लागला. "डोंगरानं उसनं दिलं होतं," तो म्हणे. "तिथं लागत होतं तवा दिलं. हिथं कशाला ठेवू?"

आणि मग तो दसरा. दादासाहेबांनी तोवर गावभर सांगितलं होतं, भोयानं भिऊन माझ्या आईचं दर्शन बुडवलं. लहानूला खांदा काढायला सांगितलं तेव्हा बाजारातली माणसं गयावया बघायला टपली होती. ती त्यांना मिळाली नाही. त्यानं खांद्यावरची फडक्याची घडी काढली, नीट झटकली, मुलाच्या हातात दिली आणि म्हणाला, "चल. घरी खांदा लागंल कुणाला तरी."

त्यानंतर पाड्यापाड्यांवरचे किती आजारी, किती अडलेल्या बाया त्यानं दवाखान्यापर्यंत आणल्या याची मोजदाद नाही. पालखीचं कोणी काढलं तर म्हणे, "देवाला पाय हायेत. बाळंतिणीला नाय." पण दसऱ्याच्या दिवशी तो जव्हारात पाऊल टाकत नसे. त्या दिवशी ओट्यावर पाठ फिरवून बसे. माणूस गर्विष्ठ होता. गर्विष्ठ माणसाचा मान काढणं म्हणजे काय, ते ज्यांना मान नाही त्यांना कसं कळावं?

मी नाशकात एका डॉक्टरांना ही हकिगत सांगितली, नावं गाळून. ते म्हणाले, उंचावर हवा विरळ होते. शरीर आधी भराभर श्वास घेतं, हृदय जोरानं चालतं. थांबत थांबत गेलं तर दिवसागणिक रक्तातला तांबडा अंश वाढतो आणि माणूस तिथं रुळतो. खाली आल्यावर तो अंश हळूहळू पूर्वीवर येतो. घाई केली तर डोकं दुखतं, ओकाऱ्या होतात. पण एखाद्याच्या छातीत घरघर सुरू झाली, बोलणं बरळलं, तर खात्रीचा उपाय एकच: खाली उतरणं, लगेच. "त्या बाईंना ज्यानं उतरवलं," डॉक्टर म्हणाले, "त्यानं त्यांचा जीव वाचवला."

मी धावत पाड्यावर गेलो. लहानूला काय वाटेल, डोळे भरून येतील! त्यानं ऐकून घेतलं, मिशीला हात लावला. "बराबर बोलला तो डाक्टर. हुशार दिसतोय."

हेच मी पालखीची व्यवस्था बघणाऱ्या पंचांना जाऊन सांगितलं. त्यांचं उत्तर: ज्या बाईचं दर्शन बुडालं तिला विचारा.

आणि त्या बाईनंच त्यांना उत्तर दिलं. गेल्या वर्षी, पावसाळा संपता संपता, माई अंथरुणाला खिळल्या. केदार नाही तर नाही, त्र्यंबकचा महादेव तरी बघायचा, असा हट्ट धरला. दादासाहेबांनी मोटार मागवायचं म्हटलं. माई म्हणाल्या, "लहानूला बोलवा." निरोप गेला. लहानू आला. मिशा पिकलेल्या, तेल मात्र तसंच. सोबत त्याचा मुलगा.

मी अंगणाबाहेर उभा होतो. माईंना डोलीत बसवलं. इतक्या वर्षांनी पहिला शब्द कोण बोलणार? माई बोलल्या.

"काय रे मेल्या, या खेपेला कुठवर नेणार?"

"तुमी हाय म्हणाल तिथवर."

बाजारात माईंनी डोली थांबवायला लावली. ऐन बाजाराचा दिवस होता. दुकानांतून माणसं बाहेर आली, त्यांत त्या दसऱ्याला माना डोलावणारेही होते. माई आवाज लावून बोलल्या, आणि त्यांचा आवाज मुळात लहान नव्हताच.

"ऐका. वर डोंगरात यानं तीन हाका मारल्या. तिन्ही मला ऐकू आल्या. उत्तर द्यायला तोंडच उघडेना. छातीत पाणी भरल्यासारखं झालं होतं. तेव्हाच कळलं होतं मला, मी चालले म्हणून. यानं मला माघारी आणलं. मी देवावर रागवू शकत नव्हते, म्हणून याच्यावर रागावले. आता सांगितलं. उचल रे."

दादासाहेब मागं उभे होते. "आईला वयामुळं भ्रम होतो," ते म्हणाले. प्रतिष्ठितांनी पुन्हा माना डोलावल्या. माना त्याच, सवयही तीच.

मी मोखाड्यापुढच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत सोबत गेलो. लहानूनं मला तिथं थांबवलं. "तू लिव," म्हणाला. "चढ आमचा हाय." पुढच्या दांडीची उजवी बाजू त्याच्या खांद्यावर, डाव्या बाजूला मुलगा. म्हातारा सावकाश चालत होता, पूर्वीसारखा एका दमात नाही. हिमालयानं मोडलेला तो नेम त्यानं पुन्हा जोडला नव्हता. वळणामागं डोली दिसेनाशी झाली. मग वरून हाक आली.

"हाय का?"

"हाय रे मेल्या! हाय!"

मी लहानूला पाहिलं ते शेवटचं. माईंनी त्र्यंबकला दर्शन घेतलं. लहानू त्या हिवाळ्यात गेला, आपल्या ओट्यावर, बसल्या जागी. मेलेल्याला हाक द्यायचा रिवाज नाही, म्हणून पाड्यावरच्यांनी त्याला नेताना वाटेत हाक दिली नाही. त्याचा मुलगा मात्र एकदा ओरडला म्हणतात.

आता तुम्ही. होय, हे पत्रक हातात घेऊन उभे असलेले तुम्ही. दसरा तोंडावर आहे. लहानूचा मुलगा त्या दिवशी बापाची ती फडक्याची घडी खांद्यावर टाकून बाजारात येणार आहे. मी त्याला येच म्हणून सांगितलं आहे. पालखी उचलायच्या आधी पुढच्या दांडीची उजवी बाजू मोकळी सोडा. तिथं दुसरा कोणी उभा राहिला तर त्याला बाजूला व्हायला सांगा. मोठ्यानं सांगा, दादासाहेबांनी सांगितलं होतं तेवढ्याच मोठ्यानं. ती शिवी आजपासून तोंडातून काढून टाका, आणि काढायची नसेल तर शाबासकी म्हणून वापरा.

तो मुलगा दांडीखाली शिरेल आणि डोलीच्या रिवाजाप्रमाणे हाक देईल. देवी बोलत नाही. त्या दिवशी ती हाक तुम्हाला असेल. हाय का? उत्तर द्या.